एक टाका जास्त

डॉक्टरबाईंनी न्याहारीच्या छापील कागदामागे चित्र काढलं.
ही हेडलीच्या आतड्याची भिंत, म्हणाल्या,
आणि हे पलीकडचे, कोट्यवधी.
त्यांना राहू द्यायचं असतं, शेजारी राहतात तसं.
त्यांच्या अंगावरून सारखा चुरा झडतो, टोस्टचा पडतो तसा,
आणि पेशीच्या आत एक जण बसलेला असतो
ज्याचं काम एवढंच : चुरा ओळखणं.
जिवाणू त्यानं आख्खा कधी पाहिलेला नाही.
चिमटीभर चुऱ्यावरून ताडतो, आज किती जवळ आलेत,
आणि भिंतीला सांगतो, मीठ टाक.

मीठ हा माझा शब्द. त्यांचा लांबलचक होता.

मिठाचं मला कळतं.
गनेट कोव्हला आम्ही फळ्यांवर कॉड पसरायचो.
जास्त पडलं की मासा करपतो,
कमी पडलं की तिसऱ्या दिवशी वास.
आईच्या मुठीकडे बघत बघत दोन उन्हाळे गेले माझे.

पण हेडलीचा हा पहारेकरी बहिरा आहे, म्हणाल्या.
मग बरंच की, मी म्हटलं,
बहिऱ्याचं कुणाशी भांडण होत नाही.
हा पोरगा सव्वीस वर्षांचा, बेचाळीस किलोचा,
दिवसातून चौदा वेळा कमरेत वाकून संडास गाठतो.
एवढी आग बहिऱ्यानं कशी लावली?

त्या पेन टेकवून विचार करत बसल्या.
मला वेळ लागला नाही.

त्रेपन्नचा जून. कॅपलिन किनाऱ्याला लागले होते,
आणि धुकं असं, की हात लांब केला तर पंजा दिसेना.
धुक्याचा भोंगा माझ्या वडिलांकडे.
एकतीस वर्षं त्याच्या तोंडाशी उभं राहून
कान गेले होते त्यांचे, कुणाला सांगितलं नव्हतं.
त्या रात्री इंजिन चालू होतं, तेल घातलेलं होतं,
पट्टा फिरत होता,
आवाज तेवढा येत नव्हता.
त्यांना काय कळणार?

गावाला जाग आली ती शांततेनं, आणि उशिरा.
मग जो तो धावला. डांबराची पिंपं, जाळी, दारं,
हाताला लागेल ते कड्यावर पेटवलं,
आणि वारा फिरला.
मासळीचे माचे गेले, चर्चचं छप्पर गेलं.
चारही नावा परत आल्या,
परत यायला धक्का उरला नव्हता.

असंच, म्हणाल्या डॉक्टरबाई. जवळपास असंच.

चूक कुठे झाली तेही त्यांनी दाखवलं.
एक अक्षर जास्त पडलंय, पुढचं सगळं एक घर सरकलंय.
म्हणजे टाका.
एक टाका जास्त पडला की नक्षी तिरकी जाते
आणि बाही मनगटाआधीच संपते.
हेडलीच्या दोन्ही बाह्या तशा.
माझी एक.
मी ब्याऐंशीची. खारवलेलं सगळं खाल्लं,
पोट म्हणून कधी दुखलं नाही.
तसंही होतं, म्हणाल्या. बहुतेकांचं तसंच होतं.
का, ते विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत,
हे मला आवडलं. अजून माहीत नाही, म्हणाल्या.

दर आठ आठवड्यांनी सुईतून औषध.
ते आग विझवतं. कान देत नाही.

वडिलांना गावात कुणी बोललं नाही.
पण पुढे नवा भोंगा आल्यावरही, मरेपर्यंत,
धुकं पडलं की ते इंजिनघराच्या भिंतीला तळवा लावून
मला विचारायचे, थिर्झा, वाजतोय ना?

रात्री हेडलीला झोप लागली
तेव्हा पांघरुणाखाली हात घालून
मी त्याच्या पोटावर तळवा ठेवला.
आत काहीतरी घुमलं.
कशाचं, ते मला ओळखता आलं नाही.